तंबू मुलांच्या हाती

नऊ ते बारा वर्षांची मुलं एका मजेशीर टप्प्यावर असतात. त्यांना कडेवर घ्यावं लागत नाही, भरवावं लागत नाही, दोन-तीन तासांची पायपीट कुरकुरत का होईना झेपते. आई-बाबांबरोबर कुठेही निघायला ती अजून राजी असतात. पुढे मित्रमंडळ, क्लास आणि दहावी यांचा नंबर आधी लागतो. सहकुटुंब तंबूत राहायला जायचं असेल, तर याच वयात जावं.

या वयाची एक अटही असते. ‘तिकडे जायचं नाही, याला हात लावायचा नाही’ एवढ्यावर ही मुलं गप्प बसत नाहीत. ‘का?’ हा प्रश्न येतोच. कॅम्पवर हा प्रश्न फार उपयोगी पडतो, कारण तिथल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे हवा, पाणी, उष्णता किंवा एखादा जीव असं ठोस कारण असतं. ते कारण मुलांना समजावून द्यायचं आणि तेवढं काम त्यांच्याकडे सोपवून आपण बाजूला व्हायचं. कॅम्प रंगतो तो असा. निघण्यापासून परत येईपर्यंतची एक रात्र या पद्धतीने टप्प्याटप्प्याने पाहू.

ठिकाण आणि दिवस

पहिल्या कॅम्पसाठी जागा निवडताना तीन गोष्टी बघाव्यात: गाडी जवळपर्यंत जाते का, शेजारी वस्ती आहे का आणि अडचण आली तर रात्रीही निघता येईल का. अकोले तालुक्यातला भंडारदरा परिसर या तिन्हींत बसतो, म्हणून उदाहरणासाठी तोच घेऊ. प्रवरा नदीवरचं इथलं विल्सन धरण १९२६मध्ये पूर्ण झालं. त्याच्या मागे पसरलेला तो आर्थर जलाशय. उत्तरेला कळसूबाईची रांग आहे आणि तिचं १६४६ मीटरचं शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. मुंबईहून कसारा घाट चढून, इगतपुरी ओलांडून घोटीला उजवीकडे वळलं की बारीवरून शेंडीला पोचता येतं. जलाशयाकाठच्या गावांतली माणसं तंबू भाड्याने देतात, जेवण रांधून देतात, स्वच्छतागृहाची सोय करतात. पहिल्या खेपेला सगळं विकत घेण्यापेक्षा हे बरं.

या भागातलं बरंचसं क्षेत्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी लागते आणि तंबू कुठे लावायला परवानगी आहे हे विचारावं लागतं. ही विचारपूस मुलांनाच करू द्यावी. ‘मामा, तंबू कुठे लावू? रात्री वारा कुठून येतो?’ असं दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, तर गावातला माणूस आपल्याला सांगितलं असतं त्याच्या दुप्पट माहिती देतो.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले चांगले. पावसाळ्यात इथे तंबू टिकत नाही. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे असतात, पण गर्दीही असते आणि वळवाचा भरवसा नसतो. तारीख ठरवताना चंद्र बघून ठेवावा. अमावास्येच्या जवळपास तारे भरपूर दिसतात. अंधाराला बिचकणारं मूल असेल तर पहिली खेप पौर्णिमेच्या आसपास ठेवावी.

घरातली तालीम

तंबू पहिल्यांदा उघडायची जागा म्हणजे घरचा हॉल किंवा गच्ची. तंबूवर लिहिलेला ‘चार माणसांचा’ हा आकडा खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्यांचा असतो, त्यात सामान धरलेलं नसतं. चौघांच्या कुटुंबाला तीन-तीन माणसांचे दोन तंबू सोयीचे पडतात. एक मोठ्यांचा, एक मुलांचा, दारं समोरासमोर, मध्ये दोन-तीन पावलांचं अंतर. स्वतंत्र तंबू मिळाला की या वयाच्या मुलांची मान ताठ होते. कपडे बदलायला त्यांना आता आडोसाही हवा असतो, तोही मिळतो.

प्रत्येकाचं सामान प्रत्येकाने भरायचं. पाठपिशवीचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास असावं, म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. यादी मुलांनीच करावी, आपण फक्त तीन गोष्टी त्यात आहेत का बघाव्यात: झोपताना घालायचा कोरडा जोड, कानटोपी आणि प्रत्येकाची वेगळी बॅटरी. एकच बॅटरी सगळ्यांत असली की रात्रभर तिच्यावरून भांडणं होतात.

याच वयात मुलींची पाळी सुरू होऊ शकते, कधी नेमकी सहलीच्या दिवशीच. आईने आधी शांतपणे बोलून ठेवावं, पिशवीत पॅड आणि वापरलेले परत आणायला बंद होणारी पिशवी द्यावी. मग तिथे काही झालंच तर ती घाबरत नाही.

भावंडं एकमेकांच्या वयाची नसतील तर एखादा मित्र किंवा चुलत-मामे भावंड बरोबर घ्यावं. दोन मुलं एकमेकांना कामाला लावतात, एकटं मूल आपल्यामागे फिरत राहतं.

जागा कुठली

दुपारी तीनच्या सुमारास पोचावं, म्हणजे उजेडात तंबू उभे राहतात. जागा शोधायचं काम मुलांना द्यावं, पण आधी चार गोष्टी सांगाव्यात.

पहिली, पाण्याच्या अगदी काठाशी नको. धरणाचा काठ गाळाचा असतो, तिथे ओल असते आणि सकाळपर्यंत दव जास्त पडतं. दुसरी, खळगा नको. स्वच्छ आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत जाते, तिच्यालगतची हवा गार होते, गार हवा जड असल्याने उतारावरून घरंगळत खळग्यात साठते. चार-पाच मीटर वर चढलं तरी फरक जाणवतो. तिसरी, वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नको. चौथी, कड्याच्या पायथ्याशी नको. सह्याद्रीतल्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. माश्या धुराने आणि उग्र वासाने चवताळतात, म्हणून मुलांना वर बघून काळी लोंबती पोळी आहेत का हे शोधायला सांगावं.

एवढं सांगून पंधरा मिनिटं द्यावीत. मुलं दोन-तीन जागा आणतात आणि त्यांवर वाद घालतात. तो वाद होऊ द्यावा. कारणं डोक्यात बसतात ती त्याच वेळी.

तंबू उभा करताना

आधी जमिनीवरचे खडे आणि काटे वेचायचे. मग खालचं प्लास्टिक अंथरायचं. ते तंबूच्या तळापेक्षा बोटभर लहान हवं. बाहेर डोकावलं तर वरून ओघळलेलं दव त्यावर साठून तळाखाली शिरतं. त्यावर आतला तंबू, मग दांड्या, मग वरचं आच्छादन.

खुंट्या ठोकताना सह्याद्रीची जमीन परीक्षा घेते. मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. खुंटी वाकते. जिथे शिरते तिथे तिचं डोकं तंबूपासून दूर झुकलेलं ठेवायचं, म्हणजे दोरीचा ताण ती उपटून काढू शकत नाही. जिथे शिरतच नाही तिथे दोरी मोठ्या दगडाला गुंडाळायची. दगड शोधून आणणं हे मुलांचं काम. दगड हाताने नव्हे, आधी काठीने किंवा बुटाने उलटायचा, कारण विंचू दिवसा दगडाखालीच बसतो.

शेवटी खिडक्यांचं. थंडी वाजेल म्हणून मोठी माणसं सगळ्या झडपा बंद करतात आणि सकाळी तंबू आतून ओला झाला, गळला, अशी तक्रार करतात. एका माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पेलाभर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. दोन मुलांचं दोन पेले. ही वाफ गार आच्छादनाला लागून थेंब होते. वरच्या झडपा उघड्या ठेवल्या तर ती बाहेर जाते. आतला तंबू आणि वरचं आच्छादन एकमेकांना चिकटू द्यायचं नाही, तेही याचसाठी.

पाणी आणि रांधणं

प्यायचं पाणी घरून भरपूर आणावं. संपलं तर गावातून घ्यावं आणि ते खळखळ उकळावं. उकळी फुटल्यावर एक मिनिट तशीच ठेवली तरी रोगजंतू मरतात, दहा मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. क्लोरीनची गोळी वापरली तर अर्धा तास थांबायचं. गोळी आणि पाणी किती याचा हिशेब आणि घड्याळ मुलांकडे.

जलाशयात पोहायला उतरायचं नाही. ‘का’ला इथे सगळ्यात नीट उत्तर द्यावं. धरणाच्या पाण्याखाली जुनी नदी आणि तिचे काठ बुडालेले असतात. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल एकदम खोल जातं, गाळात पाय रुततो. पाण्याची खोली वरून कळत नाही, जीवरक्षकही नसतो. पोहता येणारी मुलं इथे जास्त धोक्यात असतात, कारण ती आत जातात. होडीत बसायचं तर अंगावर लाइफ जॅकेट हवंच, मोठ्यांच्याही.

जेवणाचा एक पदार्थ पूर्णपणे मुलांचा असावा. मुगाची खिचडी चांगली. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं, म्हणून वर उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो. डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवले की प्रश्न मिटतो. हे एकदा सांगितलं की भिजवायची आठवण पुढे मुलंच करतात. खिचडी थोडी लागली तरी बोलायचं नाही. बरोबर गावातल्या घरातून नागलीच्या भाकऱ्या आणि पिठलं मागवून ठेवलं, की कुणी उपाशी राहत नाही.

गॅसची शेगडी सपाट दगडावर, वाऱ्याला आडोसा करून, तंबूपासून दूर. शेगडी असो, निखारे असोत, कोळशाची सिगडी असो, तंबूच्या आत काहीही जळतं न्यायचं नाही, विझत आलेलंही नाही. बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. ज्या थंडीत निखारे आत घ्यावेसे वाटतात, त्याच थंडीत झडपा बंद असतात. शेकोटीसाठी अभयारण्यातलं लाकूड तोडायचं नाही, वेचायचंही नाही. शेकोटीला परवानगी असेल तर लाकूड गावातून विकत घ्यावं.

खरकटं आणि खाऊ तंबूत ठेवायचा नाही. डब्यात भरून गाडीत ठेवावा. वासाने आधी मुंग्या येतात, मग उंदीर, मग कुत्री. या तालुक्यात बिबटे आहेत आणि कुत्रा हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य. आपण उष्टं टाकून कुत्री गोळा केली तर बिबट्याला बोलावल्यासारखं होतं. अंधार पडल्यावर मुलांनी एकट्याने जायचं नाही, दोघांनी मिळून बॅटरी लावून, मोठ्यांना सांगून जायचं. ‘बिबट्या येईल’ अशी भीती घालण्यापेक्षा ही साखळी समजावली, की मुलं उष्ट्याची राखण आपणहून करतात.

अंधार पडल्यावर

सात ते दहा हा वेळ मोकळा ठेवावा. मोबाइल जप्त करायची गरज नाही. तातडीच्या फोनसाठी बॅटरी राखायची आहे, हे कारण पुरतं.

डिसेंबर-जानेवारीत आठच्या सुमाराला पूर्वेकडे कृत्तिकांचा पुंजका, तांबूस रोहिणी आणि मृगाची चौकट दिसते. मागोमाग व्याध उगवतो, ताऱ्यांत सगळ्यांत तेजस्वी. मग ध्रुव शोधायचा. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके अक्षांश आपली जागा. भंडारदरा साडेएकोणीस अंशांवर आहे. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशातले साधारण दहा अंश झाकते, म्हणजे दोन मुठींवर ध्रुव. लहान मुलाची मूठ लहान तसा हातही आखूड, त्यामुळे माप तेच येतं. इथे उत्तरेला कळसूबाईची रांग आडवी येते, म्हणून मोजणी डोंगराच्या माथ्यापासून नव्हे, डोळ्यांच्या पातळीपासून करायची. शाळेच्या भूगोलातले अक्षांश असे स्वतःच्या मुठीने मोजले की ते डोक्यातून जात नाहीत.

रात्रीची भीती बहुतेक आवाजांची असते. टिटवी रात्रीही ओरडते. रातवा एका लयीत ‘चक-चक-चक’ करत राहतो. आवाज ऐकून त्यांची यादी करायला सांगावी. ओळखू न आलेला आवाज सकाळी गावात विचारायचा.

प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. वाट चुकली तर तिथेच थांबायचं, एखाद्या झाडाला धरून राहायचं आणि तीन-तीन शिट्ट्या वाजवायच्या. शोधणारा माणूस थांबलेल्या मुलापर्यंत लवकर पोचतो, चालत राहिलेलं मूल दूर दूर जातं. याची एकदा रंगीत तालीम घ्यावी, मुलांना ती खेळच वाटते.

स्वच्छतागृह गावात असेल तर तेच वापरावं. नसेल तर पाण्यापासून निदान शंभर पावलं दूर, खुरप्याने वीतभर खोल खड्डा खणावा आणि नंतर बुजवावा. वरच्या मातीतच जंतू जास्त असतात, तेच मैला कुजवतात. ओले रुमाल कुजत नाहीत, ते पिशवीतून परत आणायचे.

झोप आणि थंडी

इथे थंडीत पारा रात्री दहा अंशांच्या खाली उतरू शकतो. मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त असतो, म्हणून त्यांची उष्णता मोठ्यांपेक्षा लवकर जाते. स्लीपिंग बॅग ऊब देत नाही, ती आपली ऊब धरून ठेवते, थर्मासप्रमाणे. गार अंगाने आत शिरलं तर गारच राहायचं. म्हणून आत जाण्याआधी पाच मिनिटं उड्या मारायच्या, गूळ-शेंगदाणे किंवा लाडू खायचा आणि घामाने ओलसर झालेले कपडे बदलायचे. हे बदलणं मुलं हटकून टाळतात. ओलं कापड अंगातली उष्णता झपाट्याने ओढतं हे त्यांना दाखवायचं असेल, तर एका मनगटाला पाणी लावून फुंकर मारायला सांगावी.

वरून दोन पांघरुणं घेऊनही थंडी वाजते ती बहुधा खालून. अंगाच्या भाराने बॅगेचं खालचं अस्तर दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि उष्णता थेट जमिनीत उतरते. फोमची चटई हवी. ती नसेल तर खाली घोंगडी अंथरावी. एकच जादा पांघरूण असेल तर ते वर घेण्यापेक्षा खाली घालावं.

साप, विंचू आणि १०८

महाराष्ट्रात माणसांना धोकादायक ठरणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. तंबूच्या संदर्भात मण्यार महत्त्वाची. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. चावा बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. नंतर पोटात दुखतं, पापण्या मिटत जातात, बोलणं अडखळतं. आतल्या तंबूची चेन पूर्ण बंद असेल तर मण्यार आत येऊ शकत नाही. म्हणून ‘चेन मास्तर’ हे पद एका मुलाला द्यावं. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला, बाबांनासुद्धा, टोकायचा हक्क त्याचा. बूट आत ठेवायचे आणि घालण्याआधी झटकायचे.

दंश झालाच तर चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही. दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. साप मारत बसायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करायचा किंवा स्वतःच्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठायचं. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळ कुठे मिळतं हे निघण्यापूर्वीच फोन करून विचारून ठेवावं. विंचवाचा दंश लहान मुलांना मोठ्यांपेक्षा घातक ठरतो. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणं दिसलं की थांबायचं नाही. यावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं आणि त्याने कित्येक मुलं वाचली. उपचार आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. आपण कुठल्या गावाजवळ आहोत हे मुलांनाही सांगता यायला हवं, कारण फोनवर पहिला प्रश्न तोच येतो.

सकाळ आणि परतल्यावर

दुसऱ्या दिवशी एकच बेत ठेवावा. रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव मंदिर, किंवा मुलांना चालायची सवय असेल तर बारीतून कळसूबाई. दोन्ही एका सकाळी नको. जवळच्या सांधण दरीत माहितगार वाटाड्या घेतल्याशिवाय मुलांना नेऊ नये.

तंबू उन्हात सुकवूनच गुंडाळावा. ओला गुंडाळला तर त्याला बुरशी धरते आणि वरचा लेप सुटतो. खुंट्या मोजून पिशवीत भरणं मुलांकडे. आणल्या तितक्या भरल्या, मग निघायचं. शेवटी सगळ्यांनी एका ओळीत जागेवरून चालत जाऊन कचरा वेचावा, आपला नसलेलाही.

घरी आल्यावर दोन दिवसांत एक काम उरकून टाकावं. नेलेल्या सामानाची यादी मुलांसमोर ठेवायची आणि प्रत्येक वस्तूसमोर खूण करायला लावायची: वापरली, वापरली नाही, कमी पडली. प्रथमोपचाराची पेटी आणि शिट्ट्या वापरल्या नसल्या तरी पुढच्या खेपेला येणारच. बाकी ‘वापरली नाही’च्या रकान्यातलं सगळं घरी राहील. मग त्याच कागदाच्या मागे, या वेळी मोठ्यांनी केलेल्या कामांपैकी पुढच्या वेळी मुलं कुठलं करणार, तेही लिहून घ्यायचं: नाक्यावरची पावती, शेगडी की जागेचा शेवटचा निर्णय. दरवेळी एक काम त्यांच्याकडे सरकलं, तर बाराव्या वर्षापर्यंत घरात असा एक माणूस तयार होतो ज्याच्यावर अख्खा कॅम्प सोपवता येतो.